चित्र येत नसेल तरी या

चित्र अजून उघडलेलंही नसायचं, पडद्यावर नुसतं ते चाक गोल गोल फिरत असायचं, आणि गजभिये म्हणून मोकळा व्हायचा, "झकास!" मग चित्र उघडायचं. ते बहुतेक वेळा भयंकर असायचं. कमळ काढायला सांगितलेलं असे आणि समोर पत्ताकोबी येई. पण एकदा झकास म्हटल्यावर गजभिये माघार घेत नसे. "झकास हाये बेटा. आता याले अजून थोडसं झकास कर," असं म्हणून तो पुढच्या कम्प्युटरकडे सरके, आणि तिथलंही चित्र उघडायच्या आत त्याचं मत तयार असे.

हिरामण गजभिये माझा मित्र नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, कारण त्याच्या आदरांजली सभेत ज्याच्या ज्याच्या हाती माईक आला तो तो अचानक त्याचा जिवलग निघाला. त्याचे आणि माझे वडील भंडाऱ्याकडून एकाच सुमारास भिलाईला आले, स्टील प्लांटमध्ये लागले, एकाच सेक्टरमध्ये त्यांना क्वार्टर मिळालं, एवढाच आमचा संबंध. पुढे मी प्लांटच्या ड्रॉइंग ऑफिसात ड्राफ्ट्समन झालो आणि तो कोक ओव्हनला लागला. मी पंख्याखाली बसून ट्रेसिंग पेपरवर शाईच्या पेनानं रेघा मारायचो, तो भट्टीच्या दारांपाशी तापत उभा असायचा. यात कमीपणा काही नाही, असं मी चारचौघांत म्हणायचो. मनात मी त्याला दार उघडणारा म्हणायचो.

रिटायर झाल्यावर क्वार्टर सुटलं. मी नेहरू नगरला घर बांधलं, तो दुर्गला बोरसीत राहायला गेला. पुण्यात राहणाऱ्या त्याच्या मुलीनं त्याला एक लॅपटॉप दिला आणि त्यात चित्र काढायचं एक फुकट मिळणारं सॉफ्टवेअर टाकून दिलं. वेक्टर ड्रॉइंग म्हणतात त्याला. पडद्यावर बिंदू ठेवत जायचे, बिंदूंमधून रेघ जाते, ती हवी तशी वाकवायची. असं काढलेलं चित्र तळहाताएवढं ठेवा नाहीतर भिंतीएवढं करा, कडा फाटत नाहीत. आम्ही ड्रॉइंग ऑफिसात शेवटची काही वर्षं याच जातीचं काम कम्प्युटरवर केलं होतं, त्यामुळे मला ते नवं नव्हतं. गजभियेला मात्र साठाव्या वर्षी स्वर्ग सापडला. जाड, भाजलेल्या बोटांचा त्याचा पंजा माऊसवर पडला की माऊस दिसेनासा व्हायचा. त्या पंजानं त्यानं पहिलं चित्र काढलं ते आमच्या मैत्रीबाग प्राणिसंग्रहालयातल्या पांढऱ्या वाघाचं. उशीला मिशा फुटल्यासारखा दिसत होता तो वाघ. ते चित्र त्यानं फ्रेम करून घरी लावलं आणि तीन महिन्यांत ठरवलं की आपण आता लोकांना शिकवायचं.

आमच्या सेक्टरच्या बुद्धविहारामागं एक खोली होती. कुठल्याशा ऑफिसनं टाकून दिलेले चार कम्प्युटर तिथे मांडले गेले आणि बाहेर पाटी लागली: "वेक्टर ड्रॉइंग शिका. दर रविवारी सकाळी. चित्र येत नसेल तरी या." ती पाटी वाचून माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझी पहिली दोन वर्षं ड्रॉइंग ऑफिसात नुसती अक्षरं घोटण्यात गेली होती. हेडसाहेब पट्टीनं बोटांवर मारायचे. सरळ रेघ मारता येते असं कबूल करायला त्यांनी चार वर्षं घेतली. आणि इथे हा माणूस, ज्याला स्वतःला वाघ आणि उशी यांतला फरक कळत नाही, तो जगाला आमंत्रण देतो आहे.

आणि जग आलं! शाळेतली मुलं, कॉलेजातल्या मुली, मोबाइलच्या दुकानात बसणारे दोघं भाऊ, गृहिणी. सगळे त्याला सर म्हणायला लागले. सर म्हणे! कोणी बिचकून दारात उभं राहिलं की हा आतून ओरडायचा, "ये ना वो, कावून भेतेस? माऊस हाये तो, इंचू नोहे." कोणाची रेघ भलतीकडे गेली तर म्हणायचा, "जाऊ दे तिले. फिरून येईन." आणि त्याचं सगळ्यात आवडतं वाक्य, जे तो छातीवर हात ठेवून म्हणे, "आमच्या टाइमले कोनी म्हटलं नाही, का ये, बस, तुले जमन. म्हनून मी म्हनून राहिलो." हे ऐकून बायाबापड्यांचे डोळे भरून येत. मला जांभई येई.

समाजाच्या आग्रहामुळे मी एका रविवारी त्या खोलीत गेलो. उके वहिनी म्हणून आमच्याच समाजातल्या एक बाई मोराची रांगोळी काढत होत्या. मोराच्या एका पिसाला त्यांनी इतके बिंदू ठेवले होते की पीस खरूज झाल्यासारखं दिसत होतं. मी म्हटलं, "वहिनी, वळणाला तीन बिंदू पुरतात. बाकीचे न येणाऱ्याचं लक्षण." त्यांच्या हातून माऊस घेतला, सगळं पीस पुसलं आणि तीन बिंदूंत नवं काढून दाखवलं. ते सुंदर होतं. त्यात काही प्रश्नच नाही. वहिनी "हो भाऊजी" म्हणाल्या आणि पुढचे दोन रविवार आल्या नाहीत. गजभिये स्कूटीवरून त्यांच्या घरी जाऊन त्यांना परत घेऊन आला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "तुमची रेघ सोन्याची हाये, मेश्रामभाऊ. पन वहिनी भेली ना." मी म्हटलं, "भ्यायलाच पाहिजे. भीती नसेल तर रेघ कशी सुधारेल?" तो हसला. उत्तर नसलं की तो हसायचा, असं मी तेव्हा धरून चाललो होतो.

प्रणाली रामटेके त्या खोलीत आली तेव्हा बारावी झालेली होती. बोरसीहून सायकलनं यायची. बाप दिलीप, प्लांटमध्ये ठेकेदाराकडे कामाला. त्याला तिला नेहरू नगरच्या एका कोचिंगमध्ये बँकेच्या परीक्षेसाठी बसवायचं होतं, तिला डिझाइनच्या कोर्सला जायचं होतं. मुलीच्या हातात कसब होतं, हे मलाही मान्य करावं लागलं. ती काम करताना मी दोन-तीनदा पाहिलं होतं. बिंदू कमी, वळण स्वच्छ. गजभियेनं तिला झकास म्हटलं तर चुकून खरं ठरायचं.

त्याच वर्षी विहाराच्या नव्या लोखंडी गेटावर धम्मचक्र बसवायचं ठरलं. चोवीस आऱ्यांचं, पुरुषभर उंचीचं, जाड प्लेटमधून कापलेलं. गजभियेनं कमिटीत उभं राहून सांगितलं की चक्राचं चित्र आमची प्रणाली काढेल. आणि मग दिलीपला त्यानं गाठलं. दिलीप तोंडाचा फटकळ नव्हता, पण शब्दाचा पक्का. सगळ्यांसमोर म्हणाला, "ठीक हाये सर. चक्र गेटावर चढलं त जाय म्हनावं कोर्सले. नाही चढलं त सोमवारपासून कोचिंग. फिर मले कोनी काही बोलाचं नाही." मुलीनं मान हलवली.

तिनं ते चक्र तीन आठवडे काढलं. मग एका संध्याकाळी गजभिये तिला आणि लॅपटॉपला घेऊन माझ्या घरी आला. चपला बाहेर काढून, जरा अवघडून बसला. माझ्या घरी तो नेहमीच अवघडून बसायचा आणि मला ते आवडायचं.

"एक डाव नजर टाका ना, मेश्रामभाऊ. मशीनवर कटाचं हाये. तुमाले प्लेट-गिट समजते. मले का समजते बाप्पा, मी त भट्टीवाला मानूस."

मी चष्मा चढवला. चक्र पडद्यावर काळंभोर, देखणं दिसत होतं. आरे मध्यापासून कडेकडे निमुळते होत गेलेले, एकाचा दुसऱ्याशी केसाचाही फरक नाही. मग मी एक कळ दाबली. त्या कळीनं रंग जातो आणि नुसत्या बाह्यरेषा उरतात. आणि मला दिसलं.

चोवीस आरे चोवीस सुटे तुकडे होते. कडं वेगळं, मधला तुंबा वेगळा. आऱ्यांची टोकं कड्यावर आणि तुंब्यावर नुसती ठेवलेली होती. कागदावर छापायचं असतं तर काही बिघडलं नसतं, काळ्यावर काळं ठेवलं की डोळ्याला एकच दिसतं. पण प्लेट कापणाऱ्या मशीनला रंग कळत नाही. त्याला रेघ कळते. जिथे रेघ दिसेल तिथे ते कापणार. प्रत्येक आरा चारी बाजूंनी कापला जाणार आणि चक्राचं चक्र राहणार नाही. उपाय एका क्षणाचा होता. सगळे तुकडे निवडून त्यांना एकजीव करायची आज्ञा द्यायची, संपलं. चित्र काढणाऱ्या माणसाला हे कळत नाही, कारण त्यानं कधी लोखंड कापून घेतलेलं नसतं. मला कळत होतं. सांगायला एक वाक्य पुरलं असतं.

मी लॅपटॉप त्यांच्याकडे वळवला आणि म्हटलं, "झकास आहे."

मुलीचा चेहरा असा उजळला की मला क्षणभर खाली पाहावं लागलं. मेश्राम काका कोणाला चांगलं म्हणत नाहीत, हे सगळ्या सेक्टरला ठाऊक होतं. गजभिये तर उठून उभाच राहिला, "आयक, आयक पोरी! आता कोनाच्या बापाची भीती नाही!" मी हे का केलं त्याचं कारण मला त्याच क्षणी माहीत होतं, आता म्हातारपणी शोधून काढलेलं नाही. मला गजभियेची फजिती पाहायची होती. वर्षभर झकास झकास करत हिंडणाऱ्या माणसाचं झकास सगळ्यांसमोर कोसळावं, अशी माझी इच्छा होती. मुलगी मध्ये आहे हे मला दिसत होतं. ती त्याची शिष्या, त्याचं तो पाहील, असं मी स्वतःला समजावलं.

हथखोजच्या एका वर्कशॉपमध्ये रविवारी प्लेट लावली. कमिटीची पाच-सहा माणसं होती, गजभिये होता, दिलीप मुद्दाम इस्त्रीचा शर्ट घालून आला होता. आणि मी. मला कोणी बोलावलं नव्हतं. ऑपरेटर एक तरुण छत्तीसगढी मुलगा. त्यानं फाइल घातली, पडद्याकडे जरा वेळ पाहिलं, डोकं खाजवलं आणि म्हणाला, "फाइल म जइसे हे, वइसने कटही." गजभिये म्हणाला, "हौ, काट रे बाबू, बढिया है." मशीनच्या टॉर्चची निळी ज्वाळा प्लेटवरून फिरायला लागली. प्रणाली कानांवर हात ठेवून पाहत होती आणि हसत होती.

कापून झालं. दोघांनी हुक लावून कडं उचललं. एक आरा निसटून खालच्या जाळीवर पडला. मग दुसरा. मग एकदम पाच-सहा. शेवटी दोघा माणसांच्या हातात नुसतं एक खाचा पडलेलं कडं राहिलं आणि बाकीचं चक्र खाली ढीग होऊन पडलं. ठणठणाट थांबला. मग कमिटीतल्या एकानं तोंड उघडलं आणि पाठोपाठ सगळ्यांनी. दान मिळालेली प्लेट वाया घालवली, पोरखेळ लावला आहे, भट्टीवाल्याच्या नादी लागलो.

मला जे पाहायचं होतं ते असं माझ्यासमोर अगदी जसंच्या तसं घडलं.

दिलीप मुलीला एवढंच म्हणाला, "चाल."

गजभिये त्याच्या आडवा आला. हात जोडले. "दिलीप, पोरीची चूक नोहे हे. फाइल मी पास केली. मले त्यातलं काही समजत नाही तरी पास केली. माही चूक हाये. बोलाचं त मले बोल." माझं नाव त्यानं घेतलं नाही. एकदा माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. प्रणालीनं पाहिलं. ती माझ्याकडे पाहत होती आणि मी चष्मा पुसत होतो. चांगला स्वच्छ होता चष्मा.

कमिटीनं नागपूरहून तयार चक्र आणलं. त्याचे आरे विषम आहेत, गेटासमोरून जाताना मला अजून खुपतात. मी मागच्या खोलीकडे पुन्हा फिरकलो नाही. गजभियेचा वर्ग चालूच होता. लाज नावाची गोष्ट या माणसाला आहे की नाही, असं मी बायकोजवळ बोलूनही दाखवलं. तो बाजारात भेटला की स्कूटी थांबवून म्हणायचा, "या ना रविवारी, मेश्रामभाऊ." मी म्हणायचो, "बघू." अशी तीन वर्षं गेली. मग त्याचा दमा बळावला, कोक ओव्हनची वाफ छातीत बसलेलीच होती, आणि गेल्या हिवाळ्यात तो गेला.

आदरांजली सभेचं मी वर सांगितलंच. विहाराच्या हॉलमध्ये दोऱ्यांवर चिमटे लावून त्याच्या विद्यार्थ्यांची चित्रं टांगली होती. बहुतेक वाईट होती. उके वहिनींचा मोर होता, पिसाला बिंदू जरा कमी झाले होते. ज्या लोकांनी त्या रविवारी वर्कशॉपमध्ये त्याच्यावर तोंडसुख घेतलं तेच आता कलेचा सेवक वगैरे म्हणत होते, आणि मी त्यांच्याकडे तुच्छतेनं पाहत पहिल्या रांगेत बसलो होतो. तेवढ्यात प्रणाली आली. कामावरून थेट आली असावी, पायात सेफ्टी शूज होते. सभा संपल्यावर मी तिच्याजवळ गेलो.

"जयभीम काका," ती म्हणाली.

मी प्रस्तावना केली नाही. म्हटलं, "प्रणाली, तुझ्या चक्राची चूक मला त्या दिवशी घरीच दिसली होती."

"मालूम है काका."

"तुला कसं माहीत?"

"सरांनी सांगतलं. उसी दिन, परत येताना, गाडीवर. म्हने, 'मेश्रामभाऊले दिसलं असन. त्याईच्या नजरेतून रेघ सुटन असं होतच नाही. पन तू कोनाले बोलू नोको. येतीन ते सोता, सांगतीन.'" ती पुढे म्हणाली. "मग दर रविवारी विचारत होते मले, मेश्रामभाऊ आले होते का तुह्या घरी? मैं बोलती थी, नहीं आए सर."

तीन वर्षांतले सगळे रविवार माझ्या तोंडात मारल्यासारखे झाले. तो स्कूटी थांबवून मला बोलवायचा ते वर्गाला नव्हे, हे मला तेव्हा कळलं. मला शरम वाटली, आणि ती सांगायला ज्याच्याकडे जायचं त्याच्या फोटोला समोर हार घातलेला होता.

"तू आता काय करतेस?" मी विचारलं, काहीतरी विचारायचं म्हणून.

ती त्याच हथखोजच्या वर्कशॉपमध्ये कटिंगच्या फायली बनवत होती. चक्र पडलं त्याच्या दुसऱ्या दिवशी गजभिये तिला घेऊन त्या ऑपरेटरकडे गेला होता. स्वतः वही-पेन घेऊन त्याच्यापुढे बसला आणि म्हणाला, आमाले दोघाले शिकव. कोचिंग सांभाळून महिनोन् महिने ती जात राहिली. मग मालकानंच तिला ठेवून घेतलं आणि दिलीप गप्प बसला. डिझाइनच्या कोर्सला ती याच वर्षी, नोकरी करत करत, बसली होती.

"काका, त्या मागच्या खोलीच्या खिडकीले जाळी बनवून राहिली मी. सरांच्या नावानं. पाहता?"

हॉलच्या कोपऱ्यात खुर्चीवर तिनं लॅपटॉप उघडला. पिंपळाच्या पानांची जाळी होती, पानांच्या जागी भोकं पडणार होती. मी लगेच ती कळ दाबली, रंग घालवला. सगळं एकजीव केलेलं होतं. पण माझी नजर शोधत गेली आणि सापडलंच. चार पानांच्या कडा पूर्ण मिटलेल्या नव्हत्या, दोन-दोन मिलीमीटर रेघ सुटलेली होती. खरं सांगतो, शोकसभेत, त्याच्या फोटोसमोर, मला बरं वाटलं.

"ही बघ. रेघ उघडी राहिली आहे. चार ठिकाणी," मी म्हणालो. "या वेळी सांगून ठेवतो."

ती हसली. चिडवल्यासारखं नाही, लहान मुलाला समजवावं तसं. "जानबूझके छोडी है काका. पूरा कटलं ना, त मधला तुकडा तिरपा होऊन वर उठते आनि टॉर्चले ठोकते. म्हनून थोडसं जोडलेलं ठेवाचं. बादमें हातोडीनं एक ठोका दिला का निघते. तुमाले माहीत असनच."

मला माहीत नव्हतं. छत्तीस वर्षं मी प्लेट कापायची ड्रॉइंगं काढली, दुसऱ्यांच्या रेघा खोडल्या, पण प्लेट कापली जात असताना मशीनशेजारी जाऊन उभा राहिलो तो आयुष्यात एकाच रविवारी, आणि तोही एका मुलीचं चक्र कोसळताना पाहायला.